बर्नादेत मावशीच्या गोठ्यातला मुद्देमाल

इन्सुली गावात बर्नादेत मावशीचा गोठा चार वर्षं रिकामा होता. शेवटची गाय विकली तरी गव्हाण ती अधूनमधून झाडायची. त्या स्वच्छ गोठ्यामुळेच जानेवारीत रेडा तिच्या गळ्यात पडला.

काजूच्या बागेमागच्या मोकळ्या मळीत रेड्यांची झुंज लावली होती. पोलीस आले तसे लोक पळाले. एक रेडा त्याची माणसं घेऊन गेली. दुसऱ्याचा कान फाटला होता आणि तो बिथरला होता. त्याला सोडून त्याचा मालक गुरुदास पळाला नाही, म्हणून तोच तेवढा सापडला. प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि रेडा मुद्देमाल झाला. पोलीस ठाण्यात रेडा बांधायला जागा नसते. गावात कोणी ठेवून घेईना. गुरुदासशी वाकडं कोणाला हवंय? शेवटी हवालदार सर्वेश मावशीकडे कागद घेऊन आला.

मावशी सातवी शिकलेली, पण न वाचता सही करणारी नव्हे. सुपूर्दनामा तिने चष्मा लावून वाचला. 'मिळाला त्या स्थितीत सांभाळीन आणि हुकूम होईल तेव्हा कोर्टात हजर करीन,' असं त्यात होतं. सही करून तिने रेड्याच्या कानाकडे पाहिलं.

"ही जखम आसा, ती बरी करू की नको?"

"म्हणजे?"

"मिळाला त्या स्थितीत लिवलंय तुम्ही. बरो झालो तर स्थिती बदलली ना."

सर्वेश हसला. "मावशी, जखम बरी केलीत म्हणून कोर्ट तुम्हाला आत टाकणार नाही."

"मग तसा लिवून दी."

त्याने मागच्या बाजूला लिहून दिलं.

चार दिवसांनी जनावरांच्या डॉक्टर सारिका आल्या. शिंगांची टोकं काचेने तासून सुरीसारखी केली होती. ती कापायलाच हवीत, नाहीतर वैरण घालताना मावशीलाच भोसकेल, असं त्या म्हणाल्या. मावशीने तेही लिहून मागितलं. कापलेली दोन्ही टोकं तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवली, वर तारखेची चिठ्ठी. "रेडो अख्खो दिलो होतो, अख्खो परत करूक होयो," असं तिचं म्हणणं. सगळी आळी हसली. तिची शेजारीण म्हणून मीही हसले.

शिमग्यानंतर एका दुपारी गुरुदास आला. मावशीचा भाताचा कुणगा दरवर्षी त्याच्याच पॉवर टिलरने नांगरला जातो. मी तेव्हा तिच्या पडवीत चिंचा सोलत होते.

"मावशे, रेडो एका दिसाक दी. झुंज आसा. सांजेक परत आणून बांधतंय."

"माज्याकडे कित्याक मागतस? रेडो कोर्टाचो."

"कोर्ट काय गोठ्यात बघूक येतला?"

"कोर्ट येवचा नाय. माका थंय जावचा आसा."

त्याने रेड्याच्या शिंगांवरून हात फिरवला. "बोडको करून ठेवलस गो. जाव दे, काचेन परत तासतंय."

मावशी वैरण कापत राहिली.

"औंदा तुजो कुणगो कोण नांगरतलो ता बघ," असं म्हणून तो गेला.

केस लवकर उभी राहिली, कारण गुरुदासने गुन्हा कबूल केला. दंड किरकोळ. प्रश्न रेड्याचा होता. पुन्हा छळ होईल असं दिसलं तर कोर्ट जनावर मालकाला परत देत नाही. नाहीतर रेडा गुरुदासचाच. म्हणून मावशीला बोलावलं. टेम्पो करून तिने रेडा नेला, सोबत डबा.

डबा टेबलावर उघडला तेव्हा न्यायाधीशबाईंनी एक टोक उचलून बोटाला लावून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. मग विचारलं, "मालक रेडा मागायला आला होता का?"

मावशीने गुरुदासकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. 'नाही' म्हटलं असतं तर रेडा त्याला मिळाला असता आणि तिचा कुणगा नांगरला गेला असता.

"आला होता," ती कोर्टाच्या मराठीत म्हणाली. "एका दिवसासाठी. झुंजीला. शिंगं परत तासतो म्हणाला." मग थांबून, "पण त्याने रेड्याला पोरासारखं खायला घातलंय. तेही लिहा."

"ते तुम्हाला कोणी विचारलेलं नाही," सरकारी वकील म्हणाले.

"तरी लिहा."

रेडा सरकारजमा झाला. सरकारला गोठा नव्हता, म्हणून पुढचा हुकूम होईपर्यंत तो मावशीकडेच राहिला.

जूनमध्ये गुरुदासचा टिलर तिच्या बांधावरून पुढे गेला, थांबला नाही. रेड्यालाच जोताला लाव, असं मी सुचवलं. "सरकारचो रेडो आणि माजो कुणगो? विचारूक होया," ती म्हणाली. तिने अर्ज दिला. उत्तर अजून आलेलं नाही. कुणग्यात गवत माजलं आणि रेडा तेच खातो.

संध्याकाळी गुरुदास बांधावर येऊन उभा राहतो. टाळूला जीभ लावून आवाज काढतो. रेडा मान वर करून त्याच्याकडे चालत जातो.

"पोट सुटला त्याचा," तो परवा म्हणाला.

"हूं," मावशी म्हणाली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे गोळा करायला गेली. त्याला ती हटकत नाही. जनावर बघायला बंदी असल्याचं सुपूर्दनाम्यात कुठे लिहिलेलं नाही. तिने पुन्हा वाचून खात्री केली आहे.