दोरी सैल पडायच्या आधी

गेल्या रविवारी मी एका वयस्कर माणसाचं बोलणं मध्येच तोडलं... चार दिवस झाले, अजून मनातून जात नाहीये.

पेरुंगुडीच्या आमच्या सोसायटीत मी रविवारी मुलांना मराठी शिकवते. घरात इंग्लिश, खाली खेळताना तमिळ अशी सगळी मुलं. यावेळी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरच्या रावकाकांना बोलवू या. तंजावरकडचं मराठी घर त्यांचं. तरुणपणी नौदलात, तेही पाणबुडीवर... लढाईच्या काळात.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिहिलेला एक कागद घेऊन आले. दोन मुलांच्या हातात सुतळीची टोकं दिली. "ताठ धरा. ही अमची बोट. आतां पाण्यावर आहे..."

तेवढ्यात एकीने विचारलं, बोट किती खोल जायची? काका म्हणाले, "दीडशे मीटर. त्याच्याखाली भय."

आणि मी मोबाईल काढला! "काका, इथे तर तीनशे लिहिलंय. निम्म्यातच परत यायचात? घाबरत होतात की काय?" मुलं खो खो हसली. मीही हसले...

काकाही हसले. "असेल, मा. तुझ्या फोनला जास्त ठाऊक." सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि काम आहे म्हणून निघून गेले. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

त्यांचा कागद टेबलावरच राहिला. सगळा तमिळ अक्षरांत. संध्याकाळी तो द्यायला वर गेले, तर काकूंनी दार उघडलं.

"कागद वाचलास काय?"

"मला तमिळ येत नाही हो, काकू."

"तमिळ कुठें? मराठीच आहे. त्यांना हींच अक्षरं येतात. चार दिवस बसून लिहिलें, तुझ्या मुलांसाठी."

मग दारातच त्यांनी वाचून दाखवलं. बोटीत आडवी दोरी ताठ बांधायचे. खोल गेलं की पाण्याच्या दाबाने बोटीच्या भिंती किंचित आत यायच्या आणि दोरी सैल पडायची. तीनशे हा नव्या बोटीचा आकडा. यांची जुनी, तिची दोरी दीडशेलाच लोंबायची.

शेवटची ओळ काकूंनी हळू वाचली. "त्याच्याखाली एकदा जावें लागलें. सगळे दोरीकडे बघत होतों. एकमेकाकडे कोणी बघितलें नाही."

आणि मी मुलांसमोर विचारलं होतं, घाबरत होतात की काय...

काका आत खुर्चीत बसले होते. मी आत जाऊन माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "पोरांना सैल दोरी दाखवायची राहिली बघ."

येत्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. मला इतकं सहज माफ केलं, याचीच जास्त लाज वाटतेय. सुतळीचं एक टोक मी धरणार आहे... दोन्ही हातांनी. मोबाईल घरी.