ड्वेन क्रॅडकचे प्लॅस्टिकचे आंबे

ड्वेन क्रॅडक लंगडायचा. आमच्या मरीबा गावच्या रोडिओत, बैलावर टिकून बसायच्या खेळात, बैलाने फेकलं, असं सांगायचा. त्याचा बाप मर्व्ह आणि माझे वडील एकाच तंबाखूच्या भट्टीवर राबलेले, त्यामुळे मला खरं ठाऊक आहे. हा सोळाव्या वर्षी उभ्या ट्रकच्या फाळक्यावरून बियर पिऊन पडला होता. बैलाच्या पाठीवर तो जन्मात बसला नाही. टोपी मात्र बैलवाल्यांची घालायचा आणि पट्ट्याचं बक्कल बशीएवढं.

बाप मोठा माणूस होता. तंबाखूचं पान दोन बोटांत चुरून त्यात ओल किती ते सांगायचा, आणि लिलावात त्याच्या शब्दावर बोली थांबायची. पुढे इथली तंबाखू बंद पडली आणि सगळ्यांनी आंबा लावला. मर्व्ह गेला. मागे राहिला हा. याने होड्या विकल्या, व्यायामशाळा काढून बुडवली, नगरपालिकेला उभा राहिला. तेव्हा याला पडलेल्या मतांपेक्षा याने खांबांवर लावलेले फोटो जास्त होते.

अशा माणसाला आमच्या शेडचा मॅनेजर कुणी केलं? आम्हीच. अकरा बागाइतदारांची सहकारी शेड. मुलाखतीत तो फर्डं बोलला, बापाचं नाव दोनदा घेतलं, झालं. मी डोरीना, तिथे एकोणीस वर्षं फळ तपासते. आंब्याच्या पोटात सुई खुपसायची, तापमान बघायचं, कापायचं, चाखायचं, कागदावर सही करायची. त्या मुलाखतीला मीही बसले होते आणि मीही मान डोलावली होती.

त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या विद्यापीठातून ब्रॉनविन आली. पन्नाशीची, उन्हाने नाक सोललेली, कमी बोलणारी बाई. तिने बारा प्लॅस्टिकचे आंबे आणले. आकाराने, वजनाने थेट आमच्या केन्सिंग्टन आंब्यासारखे. आत घट्ट जेली भरलेली आणि जेलीच्या मधोमध तापमान मोजणारा सेन्सर. हे आंबे पॅलेटच्या, म्हणजे लाकडी तळावर रचलेल्या खोक्यांच्या चवडीच्या पोटात, खऱ्या आंब्यांच्या गराड्यात ठेवायचे. दर दहा मिनिटांनी ते आपला ताप कळवतात, आणि तिच्या संगणकात त्या पॅलेटचं एक जुळं भावंड तयार होतं. खरा आंबा ट्रकमध्ये पिकतो, तसा तो हिशेबातही पिकतो. कुणाचं आयुष्य किती दिवस उरलंय हे आधीच कळतं. थोडे दिवस उरलेला माल केर्न्स, टाउन्सव्हिलला विकायचा, दमदार माल मेलबर्नला धाडायचा.

"तीन हजार किलोमीटर डिझेल जाळून आंबा न्यायचा आणि तिथे खड्ड्यात ओतायचा," ब्रॉनविन म्हणाली, "याच्याइतकं घाणेरडं काम दुसरं नाही. झाडाला पाजलेलं पाणीसुद्धा वाया."

पहिल्या हंगामात तिने आंबे स्वतः ठेवले आणि आमची लाज वेशीवर टांगली गेली. थंड खोलीच्या दारावरचा काटा तेरा अंश दाखवायचा आणि पॅलेटच्या पोटात एकवीस. खोकी अशी रचलेली की भोकासमोर भोक येत नव्हतं, वारा आत शिरतच नव्हता. खोकी नीट लावा आणि पंखे अकरा तास चालवा, असं तिने सांगितलं. लोक कामाला लागले. ड्वेनला मात्र ते झोंबलं.

"दारावर तेरा आहे ना? मग तेरा आहे!" तो मला म्हणाला. "आता काय आंब्याला थर्मामीटर लावून विचारायचं, कसं वाटतंय राजा?"

"एकोणीस वर्षं मी तेच करतेय," मी म्हटलं.

पुढच्या हंगामात तो गोड आवाजात ब्रॉनविनला म्हणाला, "तू कशाला एवढी दगदग करतेस? आंबे मी ठेवतो." तिने विश्वास टाकला. आणि आकडे असे सुंदर यायला लागले की बघत राहावं. बाराच्या बारा आंबे तेरा अंशांवर शिस्तीत बसलेले. वर याने पंखे अकराऐवजी पाच तासांवर आणले. वीज निम्मी, फळ थंडगार! डिसेंबरात कुठल्याशा संस्थेने त्याला हिरव्या काचेचं पान बक्षीस दिलं. पेपरात फोटो आला. फोटोत तो लंगडी बाजू पुढे करून उभा होता.

माझी सुई काही वेगळंच सांगत होती. ट्रक भरताना आतल्या खोक्यात बावीस, कधी तेवीस. मी त्याला दाखवलं.

"डोरी, तुझी सुई म्हातारी झाली," तो म्हणाला. "आणि सुईच काय म्हणा."

शेजारची पोरं हसली. मी सही केली. नऊ दिवस, नऊ ट्रक, नऊ सह्या. हे लिहिताना मला ड्वेनची जेवढी किळस येते, तेवढीच त्या सह्यांचीही.

मग मेलबर्नच्या बाजारातून फोटो यायला लागले. देठापाशी काळे पडलेले आंबे, दाबला तर बोट आत जाईल असे. अठरा पॅलेट फेकून दिले. बागाइतदार शेडवर धावत आले. ड्वेनने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बघा. वाटेत एक अंश इकडचा तिकडे नाही. मग खोट कुठे? बागेत." आणि त्याने बोट दाखवलं साफेतकडे.

साफेत बल्ला, चौऱ्याहत्तर वर्षांचा अल्बेनियन म्हातारा. त्याच्या फळाला मी कधी नाव ठेवलेलं नाही. पण त्या नऊ ट्रकांत त्याचा माल जास्त होता.

"काका, तुमच्या झाडांत रोग आहे," ड्वेन म्हणाला. "ओढ्याकडच्या त्या जुन्या रांगांत. त्या काढा, नाहीतर शेड तुमचा माल घेणार नाही."

"त्या नेरीमेने लावल्यात," म्हातारा म्हणाला. नेरीमे त्याची बायको. तिला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"झाडाला काय कळतंय कुणी लावलं?"

साफेतने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्या आठवड्यात त्याने चाळीस झाडं कापली. स्वतः करवत धरली, मुलांना हात लावू दिला नाही.

ब्रॉनविन जानेवारीत आली, न बोलावता. तिला कुणी तक्रार केली नव्हती. तिचा हिशेब म्हणत होता की बाजारात पोचल्यावर फळाचे नऊ दिवस शिल्लक असायला हवेत, आणि बाजार म्हणत होता दोन. तिने चहाच्या खोलीत टेबलावर एक लांबलचक कागद पसरला. ड्वेन होता, मी होते, बिल देऊन जायला आलेला साफेत होता. आणि ट्रकवाला बार्नी कोपऱ्यात सॉसेज रोल खात बसला होता.

"मला एक समजत नाही," ब्रॉनविन म्हणाली. "बारा पॅलेट, बारा जागा. कुणी दाराशी, कुणी पंख्याखाली. पण बाराही आंबे एकाच वेळी किंचित गरम होतात आणि एकाच वेळी गार. शिकवून आणलेल्या साक्षीदारांसारखे. इथे, वाटेवर चार्टर्स टॉवर्सला. मग एमराल्डला. मग गुंडीविंडीला."

"ट्रकचं दार उघडलं असेल," ड्वेन म्हणाला.

"मागचं दार?" बार्नीने घास गिळला. "दाराला सील असतं. ते मेलबर्नला तुटतं."

"एमराल्डला काय करतोस तू?" ब्रॉनविनने विचारलं.

"जेवतो. दुसरं काय करणार?"

"आणि जेवण कुठून काढतोस?"

"फ्रिजमधून! केबिनमधल्या." बार्नीला एकदम चेव आला. "आणि बरा विषय काढलास, बाई. हा तुझा प्रयोग कधी संपणार आहे? त्या प्लॅस्टिकच्या आंब्यांनी माझा अख्खा फ्रिज अडवलाय. वर हा म्हणतो, फ्रिज तेरावरच ठेव. अख्खा उन्हाळा मी कोमट कोला पितोय!"

बाहेर पट्ट्यावर खोकी सरकल्याचा आवाज येत होता.

ब्रॉनविनने कागदाची घडी घातली. "म्हणजे दोन महिने मी एका माणसाच्या डब्याचा अभ्यास केला," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

ड्वेनचा चेहरा बघण्यासारखा होता. लाज नव्हती त्यावर. हिशेब चालला होता. "हे बघा," तो म्हणाला, "पोटात ठेवले की आकडे खराब येतात. खराब आकडे आले की लोक खचतात. मी लोकांचा विचार केला. यंत्रणाच अशी बनवायला हवी होती की तिला फसवता येणार नाही. ही चूक कुणाची?"

साफेतने फक्त एक विचारलं.

"माझी झाडं निरोगी होती?"

उत्तर मी दिलं. "होती, साफेतकाका. फळ गरम भरलं जात होतं. मला माहीत होतं. मी सही करत होते."

त्याने मान हलवली. मला शिवी दिली असती तर मी घेतली असती. "तू निदान बोललीस," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. पुढे तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही, आणि ते योग्यच होतं.

बागाइतदारांची सभा झाली. हंगाम ऐन भरात, लगेच दुसरा माणूस कुठून आणणार? ठरलं असं की ड्वेनने रोज स्वतःच्या हाताने आंबे पॅलेटच्या पोटात ठेवायचे आणि मी समोर उभं राहून बघायचं. त्याने दोन दिवस ठेवले. गुडघ्यावर बसताना दोन्ही पाय नीट वाकत होते, हे मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. चाव्या आम्हाला शेडच्या खिडकीत सापडल्या. काचेचं पान तेवढं घेऊन गेला.

त्यानंतर आंबे मी ठेवते. पंखे पुन्हा अकरा तासांवर गेले. ब्रॉनविनने खोक्यांची भोकं बदलून घेतली, आता सातच तास पुरतात. वीज खरोखर वाचते. परवा एका पॅलेटचं जुळं सकाळी म्हणालं, तीनच दिवस. मी ते मेलबर्नच्या ट्रकमधून उतरवून केर्न्सला पाठवलं आणि तिथे लोकांनी आवडीने खाल्लं. फेकायचा माल पूर्वीच्या पाचव्या हिश्श्यावर आलाय. याचं कुणी बक्षीस दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. साफेतने ओढ्याकडे नवी कलमं लावलीत. त्यांना फळ धरेपर्यंत तो असेल का, हे त्याला विचारायची हिंमत माझ्यात नाही.

ड्वेन आता लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करतो. करावेत. वाईट काम नाही ते, पण तो तिथेही सांगत असतो की प्लॅस्टिकच्या आंब्याची कल्पना मुळात त्याची, विद्यापीठाने चोरली.

मागच्या महिन्यात तो माझ्या दारात उभा राहिला. टाउन्सव्हिलला कुठे नोकरी बघत होता.

"डोरी, चार ओळी लिहून दे ना माझ्याबद्दल. तुझं नाव आहे या धंद्यात. मागचं सोड, तू काही मनात ठेवणारी नाहीस."

मी आतून कागद आणला, दारातच उभ्या उभ्या लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं: ड्वेन क्रॅडक आमच्या शेडमध्ये दोन हंगाम होता.

त्याने वाचलं. कागद उलटून मागे बघितलं. "एवढंच?"

"खरं तेवढंच आहे."

मला वाटलं, फाडेल. फाडला असता तर त्याच्याबद्दल थोडंसं बरं तरी वाटलं असतं. त्याने कागद जपून दुमडला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालेल. खाली सही ठळक कर हं."

मी केली.