कृष्णनाथांची रविवारची जीप

नार्वे गावच्या कृष्णनाथांचा फोन आला की मी आधी खुर्चीत बसते, मग उचलते. गोव्यात डिचोलीला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हट्टी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत, पण एकच बिघाड घेऊन दर रविवारी बोलावणारा हा एकटाच.

"विनोदिनीबाय, गेम परत उगडना गो."

आयुष्यभर खाणीवर टिपर चालवलेला माणूस. खाण बंद झाली, टिपर अंगणात गंजला आणि साठी उलटल्यावर हा बाबा कानाला हेडफोन लावून लढाईचा ऑनलाइन गेम खेळू लागला. हौस म्हणून नव्हे. मुलगा साईश इंग्लंडात गोदामात कामाला. फोनवर तो 'बरें आसा' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. गेममध्ये मात्र बोलायचा. बाबांना बंदूक जमत नाही, ते नुसती जीप हाकायचे. साईश शेजारी बसून गोळ्या झाडायचा आणि झाडता झाडता मनातलं सांगायचा. बापाला मुलगा भेटायचा तो त्या जीपमध्येच.

मग गेम अपडेट झाला आणि नवा नियम आला: कॉम्प्युटरमधली 'सिक्युअर बूट' ही सुरक्षेची सेटिंग चालू नसेल तर गेम उघडणार नाही. मी जाऊन ती चालू केली. जीप धावली. पुढच्या रविवारी सेटिंग आपोआप बंद. पुन्हा गेले, पुन्हा तेच. अँटिव्हायरस तपासला, विंडोज नव्यानं टाकलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी तर देवळात कौल लावला. देवानं होकाराची उजवी दिली म्हणे. मदरबोर्डनं काही दिली नाही.

त्या रविवारी दुपारी गेले तेव्हा खरंच वीट आला होता. गेमच काढून टाका, असं सांगायचं ठरवून गेले होते. पण बाबा दारातच म्हणाले, "बाय, साईश म्हणटा, 'रावूं दी बाबा, त्रास घेवूं नाका.' पूण खेळ सोडलो जाल्यार तो कोणाकडे उलयतलो?" मुलाचं बोलणंच तुटणार म्हटल्यावर मी बॅग उघडली.

सेटिंगच्या पानावरची तारीख कित्येक वर्षं मागची होती. याआधी माझं लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक. आता ट्यूब पेटली.

"खेळून झाल्यावर प्लगची पीन कोण काढतं?"

"हांवूच काडटां," बाबांच्या बायकोनं, पद्मावतीकाकींनी, आतून सांगितलं. "वीज पडून टीव्ही जळ्ळो न्हय?"

आमच्याकडे पावसाळ्यात घरोघर पिना काढतात, काकी बारा महिने काढत. सेटिंग लक्षात ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल कधीच मेला होता, त्यामुळे पीन निघाली की मशीन सगळं विसरायचं. मी काकींवर चिडले, त्याहून जास्त स्वतःवर, आणि सेल बदलला.

बाबा खूश होऊन माझ्या चहाबरोबर उंडे पाव आणायला पोदेराच्या बेकरीत गेले. आवाज तपासायला मी स्पीकर लावला. गेम उघडला, स्क्रीनवर बाबांचं नाव आलं, आणि लगेच साईशचा आवाज खोलीभर झाला.

"बाबा, आयलास? काम अजून मेळूंक ना. रूमय सोडची पडटली. आईक सांगूंक ना न्हय तुवें?"

काकी चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. साईशची नोकरी गेली होती आणि बाबांनी ते काकींपासून लपवलं होतं; दर रविवारी त्यांचा जीव का टांगणीला लागायचा, ते मला तेव्हा कळलं. मी आवाज बंद करायला हात नेला. काकींनी मानेनंच नको म्हटलं.

"खंय उलोवपाचें?" त्यांनी विचारलं. मी माइक त्यांच्यापुढं धरला.

"साईशा, घरा यो."



"आई, लज दिसता गो."

"कोणाची? आमची? यो पुता."

तो रडायला लागला. मला उठून जायचं होतं, पण माइक माझ्या हातात होता.

बाबा पिशवी घेऊन आत आले आणि तो रडका आवाज ऐकून जागीच थांबले. काकी त्यांच्याकडे वळल्या. रागावतील असं मला वाटलं.

"इतले दीस एकलेच सोसताले तुमी?" त्या म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली आणि उंड्यांची पिशवी मांडीवर घेऊन तिथंच खाली बसले.