गावातल्या सगळ्यांना माहीत असलेलं वळण

मुलुंडकरांनो, पहाटे निघालो ते आत्ता गावी पोचलो.

गावच्या रस्त्यासाठी आमच्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात सगळ्यात जास्त मी भांडले. शेवटी झाला रस्ता. चुलतभाऊ बाळूने व्हिडिओ पाठवला, म्हणाला, "ताई, ये बिनधास्त!"

रस्ता खरंच झकास. खड्डे होते तेव्हा जीव मुठीत धरून हळू चालवायचे. आज पहिल्यांदाच निवांत होते, म्हणून वेगातही होते. शेजारी बाबांना डुलकी लागलेली.

वळण घेतलं आणि समोर रस्ता एकदम अर्धा! जुना अरुंद पूल तसाच ठेवलाय. बोर्ड नाही, काही नाही. समोरून एसटी. करकचून ब्रेक मारला, गाडी कठड्याला घासत थांबली. बाबा दचकून जागे झाले.

अंगणात उतरताच बाळूवर ओरडले, "अरे, एक बोर्ड लावायला काय झालं होतं?"

तो शांतपणे म्हणाला, "बोर्ड कित्याक? गावातल्या सगळ्यांका म्हायत आसा."

सगळ्यांना? रस्ता मागताना मीही गावातलीच होते ना रे? मग त्या वळणावर परकी कधी झाले?