मागं पडणारं घड्याळ

पुंडलिकनगरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ऐन उन्हाळ्यात एक बाई तिथं आली. सिल्लोडच्या पुढच्या खेड्यातून एसटीनं आलेली. टॉवेलात गुंडाळलेला एक प्लास्टिकचा डबा तिनं काउंटरवर ठेवला. आत तळहाताएवढा कॉम्प्युटर होता, सगळं एकाच बोर्डावर बसवलेला.

"दादा, ह्याचं घड्याळ चुकतंय. लई कोंबड्या मेल्या माझ्या."

तो डबा तिच्या नवऱ्यानं बनवला होता. तो कापसाच्या जिनिंग मिलमध्ये वायरमन होता. मोबाइलवर बघून बघून शिकला आणि घरच्या पोल्ट्री शेडचे पंखे आणि पाण्याचे फवारे ह्या बोर्डाला जोडले. दुपारचं ऊन चढायच्या आत ते आपोआप सुरू व्हायचे. होळीच्या आधी जळगाव रोडवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, तो जागीच गेला. त्यानंतर घड्याळ मागं पडायला लागलं, आणि एका दुपारी फवारे वेळेवर चाललेच नाहीत.

मी बोर्डाला दुकानातल्या इंटरनेटची वायर लावली. पाहता पाहता वेळ बरोबर झाली. बोर्ड धडधाकट होता. म्हणजे दुखणं शेडमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी तिच्या गावी गेलो. शेडभर चुना टाकलेला, तरी वास जात नव्हता. एका कोपऱ्यात उरलेल्या कोंबड्या चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. बाहेर कडुलिंबाखाली बाजेवर तिची सासू बसली होती. मी कोण, कशाला आलो, काहीच विचारलं नाही तिनं.

डबा जोडून मी लाइट बंद केली, थोड्या वेळानं चालू केली. घड्याळ जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं चालू झालं. मधला वेळ गायब. शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली तसा लाइटचा दाब पडला आणि बोर्ड आपला आपणच बंद पडून पुन्हा उठला. चार्जर अगदीच हलका होता. असं प्रत्येक वेळी ते थोडं थोडं मागं राहत गेलेलं.

"ताई, ह्या कॉम्प्युटरला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही," मी म्हणालो. "इंटरनेट मिळालं की तो तिथून वेळ घेतो. इंटरनेट नसलं की जुनीच वेळ धरून बसतो."

"पण इथं इंटरनेट कधी नव्हतंच. मग आधी कसं चालायचं?"

मी सेटिंग उघडली. त्यात एकाच नेटवर्कचं नाव होतं. ती वाकून बघत राहिली.

"हे तर ह्यांच्या फोनचं नाव."

तो फोन रस्त्यावरच चुरा झाला होता. रोज संध्याकाळी कामावरून आला की तो आधी शेडमध्ये यायचा. खिशातल्या फोनचं हॉटस्पॉट चालूच असायचं; फोन जवळ आला की बोर्ड त्याच्या इंटरनेटला जोडला जायचा आणि दिवसभराची चूक भरून काढायचा. घड्याळ आपल्या फोनमुळं बरोबर राहतं हे त्याला तरी ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

"मी ओरडायचे, आधी जेवा म्हणून," ती म्हणाली आणि खांबाला टेकली.

सासू उठून दारात आली होती. कोंबड्या मेल्या त्या दुपारी सून शेडवर नव्हती, तालुक्याला गेली होती, एवढंच म्हातारी गावभर सांगत होती, हे बाईनं मला दुकानातच सांगितलं होतं. कशाला गेली होती, तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणायला. ते म्हातारी सांगत नव्हती. मला वाटलं, बरं झालं, घड्याळाचं सगळं ऐकलं तिनं.

"आजी, सूनबाईंची काही चूक नव्हती. घड्याळाला बॅटरी बसवायची राहिली होती."

"कुणाची राहिली?"

मी जुन्या चार्जरची वायर गुंडाळायला लागलो.

"म्हंजी माझ्या लेकानं मारल्या व्हय कोंबड्या? मेलेल्या माणसावर ढकलता?"

"तसं नाही आजी, अशा कामात कुणाचंही..."

"आत्या," सून मधेच म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "दादांना तसं नाय म्हणायचं. मीच दुपारी इथं असायला पाहिजे होते. माझंच चुकलं."

"मी काय येगळं सांगत होते?" म्हातारी म्हणाली आणि परत बाजेवर जाऊन बसली.

मी मान खाली घालून काम उरकलं. बटणासारखा सेल असलेलं छोटं घड्याळ बोर्डाला जोडलं, दणकट चार्जर लावला. लाइट घालवून पाहिली, वेळ हलली नाही. मोटर सुरू झाली, बोर्ड बंद पडला नाही.

निघताना राहवलं नाही. "ताई, कशाला अंगावर घेतलंत?"

"एकुलता एक होता तिचा. लई हुशार, असं सांगत फिरती ती. तेवढ्यावरच तर दिवस काढायलीय." मग हळूच म्हणाली, "मला काय, ऐकायची सवय झालीय."

दिवाळीनंतर मी फोन करून विचारलं. घड्याळ बरोबर चाललंय म्हणाली. पण इतक्या कोंबड्या मेल्या म्हणून पिल्लं देणाऱ्या माणसानं पुन्हा पिल्लं दिली नव्हती. शेड रिकामं होतं. ती सिल्लोडला व्यापाऱ्याकडं मका साफ करायला जात होती.

"आणि सासूबाई?"

"हायेत की. बोलत नाय माझ्याशी. ताट वाढून ठेवते, जेवतात."

पाठीमागून कुणीतरी तिला कामाला हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.