बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी

बायको गेल्यावर महिनाभर मी दाराबाहेर पडलो नाही. दूध शेजारची सून आणून द्यायची. ती माहेरी गेली तेव्हा पिशवी घेऊन मीच निघालो, तर नारायण पेठेतल्या आमच्या बोळासमोरची शाळेची भिंत रंगलेली. कॉलेजची पोरंपोरी शिडीवर चढून गल्लीतली माणसं काढत होती. इस्त्रीवाला, भाजीवाली, फुलपुडीवाला. चांगली काढली होती, नाही म्हणत नाही. आणि मधोमध आमचे समोरचे. हातात झारी, झाडाला पाणी घालतायत, तोंडावर संताचं हसू.

माझं डोकंच फिरलं.

ही घरात तडफडत होती त्या दिवशी अँब्युलन्स बोळात शिरेना, कारण तोंडाशी यांची गाडी आडवी. मी खालून ओरडलो, "अहो, गाडी काढा." गॅलरीतून उत्तर आलं, "जेवतोय. पाच मिनिटं थांबा." शेवटी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तेराव्याला हे आले, जेवले, लाडू मागून घेतला.

शिडीवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, या साइडला स्पेस आहे. तुमची एखादी आठवण काढू?"

"काढ. बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी काढ. आडवी. मागच्या काचेवर लिही, 'आईची कृपा'."

"सो क्यूट. तुमची आहे?"

"समोरच्यांची. आणि तिच्यामागे अडकलेली अँब्युलन्स."

तिनं ब्रश खाली ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. दुपारपर्यंत दोन्ही गाड्या भिंतीवर होत्या.

इस्त्रीवाला बघून गेला, भाजीवाली बघून गेली. ही गाडी कुणाची, असं कुणी विचारलं नाही. ती काच सगळ्या गल्लीला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी समोरचे माझ्या दारात.

"अहो, हे बरं दिसतं का? नातवंडं विचारतात."

"मग सांगा की त्यांना. तुम्हालाच नीट माहीत आहे."

"मी काय मुद्दाम केलं? जेवत होतो."

"ताटही काढायला सांगतो. जागा आहे अजून."

आल्या पावली गेले.

आता ते गाडी नदीकडे लावतात आणि तिथून चालत येतात. गुडघे दुखतात म्हणे. दुखू देत. शेजारची सून परवा म्हणाली, "काका, पुरे आता. काकू असत्या तर त्यांनी पुसायला लावलं असतं."

बरोबर आहे तिचं. लावलं कशाला, ओला फडका घेऊन हिनं स्वतःच पुसलं असतं. ती नाही, म्हणून तर ते चित्र आहे.