केसाएवढी गळती

२०१६ साली मी सरावलीहून रोज एसटीने तलासरीला कामाला जायची. तिथल्या एका छोट्या कारखान्यात प्लास्टिकच्या बटणांवर चांदीसारखी झाक चढवत. बटणं मोठ्या पोलादी टाकीत ठेवायची, पंपाने आतली हवा काढायची आणि मग आत ॲल्युमिनियमची वाफ करायची. यंत्रावर आम्ही दोघंच. मी आयटीआय करून आलेली, आणि माझ्यासोबत उधव्याचे एक जुने मिस्त्री. त्यांना सगळे काका म्हणत.

एकदा मी टाकी आतून-बाहेरून साफ केली, आणि दुसऱ्या दिवशी काही केल्या आतली हवा पुरती निघेना. बटणं काळपट पडायला लागली. कुठेतरी गळत होतं. काकांनी गळती शोधायचं यंत्र पंपापाशी जोडलं आणि हेलियमच्या सिलिंडरची नळी माझ्या हातात दिली.

"सांध्यांवर बाहेरून थोडा थोडा सोड. वरून सुरू कर, बेन. हा गॅस हलका, वर चढतो. खालून गेलीस तर फसवेल."

तासभर एकेक सांधा धरत आले. आत डोकावायच्या काचेपाशी हेलियम फटीतून आत ओढला गेला आणि शोधायच्या यंत्राचा काटा टुणकन उडाला. मी ओरडलेच!

मग टाकीत नायट्रोजन भरून दाब बाहेरच्याइतका केला. दार उघडताच मी काच आतून बघायला वाकले, तोच काकांनी एप्रन धरून मला मागे ओढलं.

"मरायचंय काय? या नायट्रोजनला वास नाय, रंग नाय. गुदमरतोय ते कळत पण नाय, माणूस सरळ आडवा होतो. आधी पंखा, मग मीटर, मग डोकं."

पंखा लावून आम्ही थांबलो. ऑक्सिजन पुरेसा आहे असं मीटरने दाखवल्यावरच काकांनी मान हलवली. काचेखालची रबरी रिंग काढली, तर तिच्यावर एक लांब काळा केस आडवा पडलेला. कारखान्यात एवढे लांब केस माझेच होते, आणि रिंगही मीच बसवलेली.

"काका, माझाच आहे," मी कशीबशी म्हणाले.

"माझा म्हटलं असतं, पण कोण मानणार?" काकांनी टकलावरून हात फिरवला. मला हसू आवरेना.

रिंग पुसून बसवली. दुपारी बटणं लखलखीत निघाली. पुढच्या आठवड्यात मालकाने सगळ्यांसाठी टोप्या आणल्या. पहिली टोपी काकांनीच चढवली, दोन्ही कानांपर्यंत ओढून.